दर पावसाळ्यात आणि लग्नसराईत लंगडणारा घोडा : खुराचे दुखणे ओळखावे कसे, आवरावे कसे

कोल्हापूर परिसरात घोडा बाळगणाऱ्यांची एक तक्रार वर्षातून दोनदा हमखास ऐकू येते, एकदा आषाढ-श्रावणात आणि एकदा लग्नसराईच्या भरात. काल व्यवस्थित चालणारा घोडा आज पाय टेकत नाही. कोणी तरी इंजेक्शन देते, चार-पाच दिवसांत तो सुधारतो, पुन्हा वरातीला किंवा रंकाळ्यावर फेऱ्यांना जाऊ लागतो आणि महिना-दीड महिन्याने तोच पाय धरतो. दरवेळी कारण मात्र नवे सांगितले जाते. कधी ‘खांदा भरला’, कधी ‘शीर चढली’, कधी दृष्ट लागली. मग खांद्याला तेल चोळले जाते, शेक दिला जातो, आणि खूर उचलून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्याच्या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा खुरात असते, खांद्यात क्वचितच. उभ्या घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, आणि कॉंक्रीटच्या रस्त्यावर ढोल-ताशापुढे नाचणाऱ्या घोड्याच्या प्रत्येक आदळण्याचा मार आधी खुरालाच बसतो. शिवाय खुराचे कवच ताठर असते. आत सूज आली किंवा पू झाला, तर त्याला फुगायला जागा मिळत नाही. त्यामुळे एवढ्याशा पुवानेही पाय मोडल्यासारखे लंगडणे दिसते.

पुन्हा पुन्हा येणारे दुखणे हे बहुतेकदा नवे नसते, अर्धवट सोडलेले जुनेच असते. म्हणून या लेखात प्रत्येक दुखण्याच्या तातडीच्या उपायाबरोबर ते परत का येते याचाही विचार केला आहे.

आधी पाय ठरवा, मग खूर उचला

घोड्याला कठीण आणि सपाट जमिनीवर, दोर सैल ठेवून, एकाने दुडकी चालवावा आणि दुसऱ्याने समोरून व बाजूने पाहावे. दोर आवळून धरला तर डोक्याची हालचाल दबते आणि काहीच समजत नाही. दुखरा पुढचा पाय जमिनीवर पडतो त्या क्षणी घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय पडताना खाली झुकवतो. अनेकजण हे उलटे धरतात आणि चांगल्याच पायावर उपचार करतात. मागच्या पायाचे लंगडणे मागून पाहावे. दुखऱ्या बाजूच्या पुठ्ठ्याची वर-खाली होणारी हालचाल अधिक दिसते. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील, तर डोके हलत नाही. घोडा नुसता आखूड पावले टाकतो, वळताना अडखळतो आणि मालकाला तो आळशी झाल्यासारखा वाटतो. पाय लोंबकळत असेल, नळीला वाक किंवा मोठी सूज दिसत असेल, तर मात्र दुडकी चालवून पाहू नये. ते हाड मोडल्याचे लक्षण असू शकते, तेव्हा घोडा आहे तेथेच ठेवून डॉक्टरांना बोलवावे.

पाय ठरला की खूर उचलून टाचेकडून पुढच्या टोकाकडे आकड्याने साफ करावा. उलट दिशेने ओढल्यास आकडा तळव्याच्या मध्यावरील रबरासारख्या मऊ त्रिकोणात रुतू शकतो. या त्रिकोणाला व्हेटर्नरी डॉक्टर फ्रॉग म्हणतात. पुढे मीही तोच शब्द वापरतो. साफ केल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. फ्रॉगच्या खाचांतून वास किंवा काळा ओलावा येतो का, तळवा आणि भिंत यांच्या सांध्यावरच्या पांढऱ्या रेषेत काळा ठिपका किंवा पोकळी आहे का, नालेचा एखादा खिळा इतरांपेक्षा आत वा उंचावर गेला आहे का, आणि काही टोचलेले आहे का. त्यानंतर हाताच्या मागच्या बाजूने खुराची ऊब तपासावी. ही तपासणी पहाटे किंवा सावलीत करावी, कारण उन्हात उभ्या असलेल्या घोड्याचे चारही खूर तापलेलेच लागतात. एका खुराची ऊब नेहमी दुसऱ्याशी ताडून पाहावी, एकट्या खुराच्या उबेला अर्थ नाही.

नाडी पाहण्याची सवय आपल्याकडे फारच थोड्यांना आहे, आणि खुराच्या दुखण्यात तिच्याइतकी भरवशाची खूण दुसरी नाही. पुढच्या पायाच्या घोट्याच्या मागे, दोन्ही बाजूंना, बोटांची टोके हलकेच टेकवली की खुराकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा ठोका शोधता येतो. निरोगी घोड्यात तो इतका मंद असतो की सुरुवातीला सापडतही नाही. खुरात दाह असला, तर तोच ठोका बोटांवर आपटल्यासारखा लागतो. एकाच पायात असा ठोका असेल तर पू, खिळा किंवा मार यांचा संशय घ्यावा. दोन्ही पुढच्या पायांत असेल तर हा लेख येथेच थांबवून खालचा लॅमिनायटिसचा, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांच्या दाहाचा, भाग आधी वाचावा. हा ठोका घोडा निरोगी असताना रोज चाचपून ओळखीचा करून घेतला नाही, तर आजारपणात तो वाढला आहे की नाही हे सांगता येत नाही.

एकाएकी तीन पायांवर आलेला घोडा

रात्री बरा असलेला घोडा सकाळी एक पाय उचलून उभा आहे, खूर गरम आहे, ठोका जोरात आहे, पण पायाला जखम नाही. अशा वेळी पहिला संशय खुरातल्या पुवाचा. पावसाळ्यात हे प्रमाण वाढण्याचे कारण सरळ आहे. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा या पश्चिमेच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने जमीन ओली असते, खुराचे कवच आणि तळवा पाणी शोषून मऊ पडतात, पांढरी रेषा सैल होते आणि बारीक खडा किंवा चिखलातले जंतू तेथून आत सरकतात. शिरोळसारख्या पूर्वेच्या भागात पाऊस कमी असला, तरी पुराच्या काळात परिस्थिती तीच होते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांची जनावरे दिवसेंदिवस पाण्यात किंवा चिखलात उभी राहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाऊस ओसरून ऊन पडू लागले की ओला-कोरडा, ओला-कोरडा असा खेळ सुरू होतो आणि मऊ झालेल्या कवचाला भेगा पडतात. म्हणून पुवाचे अनेक घोडे ऐन पावसात न सापडता गणपतीच्या सुमारास सापडतात.

पू नेमका कोठे आहे हे डॉक्टर किंवा जाणकार नालबंद खूर दाबण्याच्या चिमट्याने शोधतात. जेथे दाबल्यावर घोडा पाय हिसकतो, तेथे पांढऱ्या रेषेतला काळा माग धरून लहानसे छिद्र केले जाते आणि करड्या-काळ्या रंगाचे, घाण वासाचे पाणी बाहेर येते. पू निघताच बहुतेक घोड्यांना काही तासांत आराम पडतो. हे छिद्र लहानच असावे. ‘सगळे साफ करू’ म्हणून घरच्या सुरीने तळवा खरवडत गेल्यास आतला जिवंत भाग उघडा पडतो आणि आठवड्याचे दुखणे दोन-तीन महिन्यांवर जाते. पू सापडत नसेल तर शोधाशोध थांबवून खूर मऊ करण्यावर भर द्यावा. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे औषधाच्या दुकानात इप्सम सॉल्ट म्हणून मिळणारे मीठ, विरघळवून खूर पंधरा-वीस मिनिटे बुडवावा आणि नंतर गव्हाच्या कोंड्यात तेच मीठ कालवून त्याचे पोटीस तळव्याला बांधावे. पोटीस टिकवण्यासाठी लहान मुलांचा डायपर, त्यावर प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी, आणि सर्वांत बाहेर ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, ही जुळणी स्वस्त आहे आणि चिखलातही टिकते. बांधताना पट्टी खुराच्या वरच्या कातडीवर आवळली जाऊ नये. पोटीस रोज बदलावे आणि दोन-तीन दिवसांपलीकडे खूर भिजवत राहू नये, कारण अति भिजवलेला खूर पुन्हा त्याच दुखण्याला वाट करून देतो.

वाट न मिळालेला पू कधी कधी वर चढतो आणि कातडी व खूर यांच्या सांध्यावर किंवा टाचेच्या मऊ भागात फुटतो. ते भीतिदायक दिसले तरी त्यातून निचरा होत असतो. मात्र अशा वेळी, आणि तळव्याला छिद्र केलेल्या प्रत्येक वेळी, धनुर्वाताची लस झालेली आहे का हे डॉक्टरांना सांगावे. पाळीव जनावरांमध्ये धनुर्वाताला घोडा सर्वाधिक बळी पडतो, आणि त्याचे जंतू तबेल्याच्या मातीत व लिदीत नेहमीचेच असतात.

तोच पू पुन्हा त्याच ठिकाणी का होतो, हा खरा प्रश्न. शहराजवळच्या एका गावातील वरातीच्या घोडीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या पुढच्या उजव्या खुरात दर पावसाळ्यात पू होत असे. पू काढला की ती चालू लागे आणि मालक त्याच दिवशी पट्टी सोडून टाकत. पुढे खुराच्या भिंतीवर हातोडीने हलकेच ठोकून पाहिले, तेव्हा एका जागी पोकळ आवाज आला. आतली पांढरी रेषा बोटभर उंचीपर्यंत भिंतीपासून सुटलेली होती, पोकळीत बारीक खडी आणि खडूसारखी भुकटी भरलेली होती, आणि तीच दरवर्षी पुवाला वाट देत होती. सुटलेली भिंत कापून पोकळी उघडी केली, ती रोज साफ केली आणि कवच खाली उतरून येईपर्यंत कोरडी ठेवली, तेव्हाच हे चक्र थांबले. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, त्यामुळे पुढच्या टोकाचे कवच पूर्ण नवे व्हायला ९ ते १२ महिने लागतात. एवढा काळ सांभाळायची तयारी नसेल, तर ‘दरवर्षी होतेच’ हे वाक्य पुढच्या वर्षीही म्हणावे लागेल. असे काहीच सापडले नाही आणि पू तरी परत परत होत असेल, तर एक्स-रे काढावा. आतल्या हाडाला संसर्ग झालेला असू शकतो किंवा जुना, लक्षात न आलेला लॅमिनायटिस असू शकतो. वय झालेल्या घोड्याच्या अंगावरचे केस उन्हाळ्यातही झडत नसतील आणि लांब, कुरळे राहत असतील, तर ग्रंथींचा आजार पाठीमागे आहे का हे तपासून घ्यावे.

खिळा : नालेचा आणि रस्त्यावरचा

नालबंदीनंतर लगेच, किंवा दोन दिवसांपासून आठवड्याच्या आत लंगडणे सुरू झाले, तर दुसरे काहीही शोधण्याआधी नालेचे खिळे तपासावेत. खिळा पांढऱ्या रेषेवरून किंवा तिच्या किंचित बाहेरून शिरून भिंतीतून साधारण दोन सेंटिमीटर उंचीवर बाहेर यायला हवा. तो आत गेला तर ताबडतोब रक्त येते आणि घोडा झटका देतो. अगदी जवळून गेला तर जिवंत भागावर नुसता दाब येतो आणि दुखणे उशिरा दिसते. एकेक खिळा उपसून त्याचे टोक पाहावे. ओले, काळे किंवा वासाचे टोक निघाले की गुन्हेगार सापडला. त्या छिद्रात पातळ केलेले पोव्हिडोन-आयोडीन सोडावे, तो खिळा परत मारू नये आणि धनुर्वाताची खात्री करावी. येथे नालबंदावर लगेच राग काढण्याचे कारण नाही, कारण वाढलेल्या, तुटक्या कवचाच्या खुराला खिळा धरायला जागाच उरलेली नसते, आणि खूर तसा होऊ देणारे बहुधा आपणच असतो. एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. बैलाला पत्री मारण्यात ज्याचा हात बसलेला आहे, त्याला घोड्याची नाल जमेलच असे नाही. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, घोड्याचा अखंड असतो आणि भार पडल्यावर टाचेकडे किंचित फाकतो, म्हणून मागच्या भागात, टाचेजवळ, खिळे मारायचे नसतात.

रस्त्यावरचा खिळा तळव्यात घुसलेला दिसला, की तो उपसून फेकण्याची पहिली ऊर्मी होते. शक्य असेल तर ती आवरावी. खिळा फ्रॉगच्या मधल्या भागात किंवा त्याच्या बाजूच्या खाचेत असेल, तर त्याच्या वाटेत आतला सांधा आणि लहान नेव्हिक्युलर हाड येते, आणि खिळा जागेवर असताना काढलेल्या एक्स-रेमध्ये तो कोठवर गेला हे स्वच्छ दिसते. उपसल्यावर मऊ फ्रॉग लगेच मिटतो आणि छिद्र सापडतही नाही. खिळा जागेवर ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना जाड लाकडाचे तुकडे बांधावेत, म्हणजे घोड्याचे वजन त्याच्यावर पडत नाही. डॉक्टर लवकर येणे अशक्यच असेल आणि घोडा पाय टेकून खिळा आणखी आत दाबत असेल, तर तो काढावा, पण आधी मोबाईलवर फोटो घ्यावा, जागा पेनाने खुणावून ठेवावी आणि खिळा किती व कोणत्या दिशेने आत होता ते नोंदवावे. असा घोडा दुसऱ्या दिवशी बरा चालला तरी त्यावर विश्वास ठेवू नये. सांध्यातला संसर्ग तीन-चार दिवसांनी उसळतो, आणि तोवर वाचवण्याची वेळ बरीचशी निघून गेलेली असते.

वास येतो, पण लंगडत नाही

फ्रॉगच्या खाचांतून काळे, चिकट, सडक्या वासाचे द्रव येणे हे थ्रश या दुखण्याचे लक्षण. हवा न मिळणाऱ्या जागी वाढणारे जंतू ते घडवतात, म्हणून न उचललेला, लीद-मुताने भरलेला खूर ही त्यांना आयती जागा मिळते. सुरुवातीला घोडा लंगडत नाही आणि म्हणूनच हे दुखणे दुर्लक्षित राहते. टाचेच्या मधली खाच इतकी खोल झाली की तीत आकड्याचे टोक शिरते आणि घोडा पाय ओढून घेतो, तेव्हा ते आत पोहोचलेले असते. सडलेले लोंबते तुकडे नालबंदाकडून कापून घ्यावेत, खूर घासून कोरडा करावा आणि खाचांत पातळ पोव्हिडोन-आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस रोज बदलून ठेवावा. मोरचूद वापरायचेच असेल तर सौम्य प्रमाणात आणि फक्त मेलेल्या भागावर वापरावे. उघड्या मांसावर ते जखम वाढवते. जळके इंजिन ऑइल आणि डिझेल लावण्याची पद्धत पूर्ण सोडून द्यावी. त्याने वास झाकला जातो, सड झाकली जाते आणि कातडी भाजते. महिनाभर नेमाने करूनही सुधारणा नसेल आणि फ्रॉगवर फुलकोबीसारखे, हात लावताच रक्त येणारे मांस वाढलेले दिसत असेल, तर ते कॅंकर नावाचे वेगळे दुखणे आहे आणि त्याला शस्त्रक्रिया लागते.

दोन्ही पुढचे पाय पुढे टाकून उभा असलेला घोडा

आता सर्वांत गंभीर भाग. खुराचे कवच आणि आतले हाड यांना जोडून ठेवणारे बारीक पापुद्रे असतात. त्यांना दाह होऊन ती पकड सैल होणे म्हणजे लॅमिनायटिस. घोड्याचे वजन आणि पायाच्या मागच्या कंडरेची (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची) ओढ यांमुळे सैल झालेले हाड फिरते किंवा खाली बसते, आणि अगदी बिघडल्यास तळवा फोडून बाहेर येते. असा घोडा पुढचे पाय पुढे टाकून, वजन मागे रेलून उभा राहतो, सारखे पाय बदलतो, वळायला नाकारतो आणि कधी आडवा पडून उठत नाही. दोन्ही खुरांत ऊब आणि ठणकणारा ठोका असतो. पोटदुखीशी याची गल्लत होते आणि मग लोक घोड्याला फिरवतात. फिरवल्याने पापुद्रे आणखी फाटतात.

उसाच्या पट्ट्यात या दुखण्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे असे माझे ठाम मत आहे. गुऱ्हाळाच्या दिवसांत घोड्याला गूळ, काकवी आणि ऊस प्रेमाने दिला जातो, वरातीआधी ‘ताकद यावी’ म्हणून हरभरा दुप्पट होतो, आणि काम नसलेल्या महिन्यांत खुराक तोच राहून घोड्याच्या मानेवर चरबीची जाड गादी चढते. एकाएकी पोटात गेलेले जास्त धान्य मोठ्या आतड्यात आंबते आणि त्यातून निघालेली विषे रक्तात मिसळतात. साखरेच्या सततच्या माऱ्याने, विशेषतः लठ्ठ घोड्यात, इन्सुलिनचे प्रमाण वाढलेले राहते आणि त्यानेही हे पापुद्रे कमकुवत होतात. ही दुसरी वाट आज जगभर लॅमिनायटिसचे सर्वांत मोठे कारण मानली जाते. व्यालेल्या घोडीचा वार अडकणे, तीव्र पोटदुखी, दुसऱ्या पायाच्या दुखण्यामुळे एकाच पायावर आठवडेच्या आठवडे भार पडणे आणि कठीण रस्त्यावर बेसुमार नाचवणे हीही कारणे आहेत. लंगडणे थांबावे म्हणून दिलेले स्टेरॉईडचे इंजेक्शनही काही घोड्यांत ते ओढवू शकते, त्यामुळे कोणते इंजेक्शन टोचले जात आहे हे विचारण्याचा हक्क मालकाने सोडू नये.

संशय येताच डॉक्टरांना फोन करावा आणि ते येईपर्यंत तीन कामे करावीत. धान्य, गूळ, ऊस, उसाचे वाडे आणि कोवळे हिरवे गवत पूर्ण बंद करून फक्त वाळलेली वैरण आणि पाणी ठेवावे. घोडा हलवू नये, त्याच्या पायाखाली वीतभर मऊ वाळू किंवा भाताचे तूस पसरावे, म्हणजे भार भिंतीवरून तळव्यावर विभागतो. आणि दोन्ही पुढचे खूर निम्म्या नळीपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवावेत. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून फोडावी आणि तुकडे मजबूत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाण्यासह भरून पायाभोवती बांधावेत. धान्य सांडून भरपूर खाल्लेला, पण अजून लंगडत नसलेला घोडा हाती आला, तर हा थंडावा सर्वाधिक उपयोगी पडतो. तो अधूनमधून दहा मिनिटे देऊन भागत नाही, ४८ ते ७२ तास अखंड ठेवावा लागतो. नालेचे काय करायचे, कोणते वेदनाशामक द्यायचे, तळव्याला आधार कसा द्यायचा हे एक्स-रे पाहून डॉक्टर आणि नालबंद यांनी मिळून ठरवायचे असते. घरात उरलेले माणसांचे डायक्लोफेनॅक टोचू नये. गिधाडांच्या मृत्यूमुळे भारतात ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे.

जुना लॅमिनायटिस खुरावरच लिहिलेला असतो. खुराच्या भिंतीवरची आडवी वलये टाचेकडे एकमेकांपासून लांब आणि पुढच्या टोकाकडे दाट असतील, पांढरी रेषा रुंद झाली असेल आणि तळवा सपाट किंवा फुगीर असेल, तर त्या घोड्याला हे दुखणे आधी होऊन गेलेले आहे. अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना दात पाहणारे पुष्कळ, पण ही वलये पाहणारे थोडे.

परत येऊ नये म्हणून

पहिली गोष्ट नालबंदीची मुदत. नाल झिजली की नालबंद बोलवायचा हा हिशेब चुकीचा आहे. नाल शाबूत असली तरी तिच्यावरचा खूर वाढतच असतो, पुढचे टोक लांबते, टाच बसते आणि नाल पुढे सरकून टाचेच्या कोपऱ्यात तळव्यावर दाबू लागते. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी, नाल चांगली असली तरी, खूर तासून ती पुन्हा बसवावी. तासताना खुराच्या मापाने नाल घडवायची असते. नालेच्या मापाने खूर कापायचा नसतो. नीटनेटके दिसावे म्हणून भिंतीला वरून खाली कानस मारल्यास तिचे राखणारे बाह्य आवरण निघून जाते. लग्नसराई संपल्यावर ज्या घोड्याला महिना-दोन महिने काम नाही, त्याची नाल काढून त्याला मऊ जमिनीवर मोकळा सोडता आला तर उत्तम.

दुसरी गोष्ट तबेल्याची जमीन. शहाबादी फरशी किंवा कॉंक्रीट धुवायला सोपे, पण उतार नसेल तर मूत साचते आणि त्यातल्या अमोनियाने खूर कुजतो. वर उसाचे पाचट अंथरले तर ओले झाल्यावर त्याला बुरशी धरते. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा रोज ओला भाग काढून बदलता येतो. पावसाळ्यात घोडा दिवसातून काही तास तरी पूर्ण कोरड्या जागी उभा राहील एवढीच सोय केली, तरी थ्रश आणि पू दोन्ही लक्षणीय घटतात. खुराला रोज तेल चोपडण्याचे मात्र कारण नाही, ओल्या खुरावर तेल लावले की ओल आतच कोंडते.

तिसरी गोष्ट खुराक. नुसत्या कोंड्यावर आणि हरभऱ्यावर ठेवलेल्या घोड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी पडते. वाळलेली वैरण मुख्य आणि धान्य कामापुरते, असा क्रम ठेवावा. कवच ठिसूळ असेल तर दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम बायोटिनचा उपयोग होतो, पण फक्त वरून नव्याने वाढणाऱ्या कवचाला, म्हणून ते सहा-नऊ महिने न चुकता द्यावे लागते. पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून डबा बाजूला ठेवणाऱ्यांचे पैसे वाया जातात.

कामाविषयी एक कायद्याची बाजूही लक्षात असावी. लंगड्या किंवा जखमी जनावराकडून काम करून घेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती वरात असो, शिवजयंतीची मिरवणूक असो वा घोडागाडीची शर्यत. सुपारी घेतली आहे म्हणून वेदनाशामक देऊन घोडा नाचवणे यात दुसराही धोका आहे, कारण दुखणे कळेनासे झाल्यामुळे घोडा त्याच पायावर पूर्ण भार टाकतो. सुपारी घेतानाच बदली घोड्याची तजवीज सांगून ठेवणे व्यवहारालाही सोयीचे ठरते.

डॉक्टरांना बोलावताना फोनवर चार गोष्टी सांगता याव्यात : लंगडणे कधी आणि कसे सुरू झाले, शेवटची नालबंदी कोणत्या तारखेला झाली, गेल्या दोन-तीन दिवसांत खाण्यात काय बदल झाला आणि धनुर्वाताची लस कधी टोचली. तापमान मोजता आले तर तेही सांगावे. घोड्याचे नेहमीचे तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस आणि स्वस्थ असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याशिवाय फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. खोल गेलेला खिळा किंवा लॅमिनायटिस असेल आणि एक्स-रे येथे होणार नसेल, तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, मात्र लॅमिनायटिसचा घोडा गाडीत चढवण्याआधी त्याचा तळवा मऊ गादीने बांधून घ्यावा.

बरा झालेला घोडा कामावर घेताना चालीवर भरवसा ठेवू नये. पुवाचा घोडा छिद्र कोरडे आणि कठीण झाल्यावर, ठोका शांत असताना, कठीण जमिनीवर दुडकीत सरळ आणि दोन्ही बाजूंना वळवून पाहावा; वळणावर आतला पाय आखडत असेल तर आणखी आठवडाभर थांबावे. लॅमिनायटिसच्या घोड्याला वेदनाशामक बंद करून काही दिवस झाल्यानंतरच तपासावे आणि पाठीवर स्वार देण्याचा निर्णय नव्या एक्स-रेशिवाय घेऊ नये.